कावळखडपाचं रीळ

"वयनी, ह्या रिळाचा आता लोणचा घालतलंस काय?"

माझा दीर मोतीराम ओट्यावर उभा होता. दाराआडच्या खुंटीवरची गरवायची काठी त्याने स्वतःच काढून घेतली होती आणि काठीला बांधलेल्या रिळाचं हँडल फिरवून बघत होता. फिरेना. त्याने जोर लावला तशी आतून खर्रकन आवाज आला आणि चिमूटभर वाळू त्याच्या पायावर पडली.

"बघ. भितूर मीठ आणि रेव. धा म्हयने खुटयेर लटाकता. माका दी. मी साफ करून घेतंय."

"आणि उद्या?" मी विचारलं.

"उद्या मी आसंय मा. कावळखडपावरसून मी गरी टाकतंय. खडप भावाकडसून भावाकडे. भायर कुणाकडे जाणा नाय."

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. आमच्या आडबंदरात समुद्रात घुसलेली कातळाची आठ खडपं, आणि ती आठ घरांची. कुठे लिहिलेलं नाही. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दुपारच्या भरतीत प्रत्येक घराने आपल्या खडपावरून वर्षाची पहिली गरी, म्हणजे गळ, टाकायची. ओहोटी लागेपर्यंत ज्या घराची गरी पाण्यात पडली नाही, त्याचं खडप सुटलं. मग जो टाकील त्याचं. कावळखडप आमचं होतं. त्याच्या पायाशीच खोल पाणी. तांबोशी, पालू, कधी गोबरा. एक मासा आमच्या कालवणाला आणि दोन माझ्या टोपलीत, असं ते खडप आम्हाला पोसत आलं होतं. गेले दहा महिने मी दुसऱ्यांचे मासे डोक्यावर घेऊन गावोगाव फिरत होते.

कारण माझ्या नवऱ्याचे डोळे गेले होते. गंगाराम त्यांचं नाव. तोंडाने मी ते कधी घेतलं नाही, लिहिताना घेते. काचबिंदू झाला होता. सावंतवाडीचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. गेल्या नारळी पौर्णिमेला त्यांना निदान उजेड तरी दिसत होता. त्यानंतर दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ते खडपावर घसरले, रीळ वाळूच्या पाण्यात बुडालं. घरी आले, न धुताच काठी खुंटीला लावली आणि आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजले. तेव्हापासून ते जेवायला आणि मागीलदारी जायला तेवढे उठत.

आताही ते आतूनच बोलले. "दी तेका. घरात ठेवन काय करूचा?"

सासू ओट्याच्या कोपऱ्यात बसून लहानशा खलात सुपारी कुटत होती. तिचे दात कधीच पडले होते. वर न बघता म्हणाली, "दी गो मंजुळा. लोखंड ता. गंजान जातला."

तिघंही एकीकडे. मी मोतीरामच्या हातातून काठी काढून घेतली.

"रीळ देवचंय नाय भावजी. आणि खडपय देवचंय नाय."

"मगे गरी कोण टाकतलो? तू?" तो हसला. "बायल माणूस खडपार उभा रवान गरवता, ह्या मी अजून बघूक नाय."

"उद्या बघशात."

त्याचं हसू मावळलं. तो वाईट माणूस नव्हता. पायरी उतरताना थांबून म्हणाला, "वयनी, रागान सांगणय नाय. भरतीच्या येळेक मी थंय उभो रवतलंय. खडप रिकामा रवला तर सावतांचो झील टाकतलो. तेच्यापेक्षा मी बरो."

ते खरंच होतं, सावंतांचा मुलगा टपूनच होता. म्हणून जास्त लागलं.

मी पडवीत सूप उपडं घातलं आणि त्यावर रीळ ठेवलं. गंगारामांची पत्र्याची डबी काढली. तीत पेचकस, एक छोटा पाना आणि तंगुसाची, गरीच्या नायलॉन दोऱ्याची, गुंडाळी होती. हे रीळ त्यांनी लग्नाआधी मुंबईला गोदीत असताना घेतलेलं. दरवर्षी गणपतीच्या आधी ते खोलून साफ करत, पण जवळ कुणाला येऊ देत नसत. त्यामुळे आत काय असतं ते मी कधी बघितलं नव्हतं.

"आदी खयचो इस्क्रू काढूचो?" मी आतल्या दिशेने विचारलं.

मी पेचकस दाराच्या चौकटीवर आपटला.

"ओ, इचारतंय मी. मोठो काय बारको?"

"माका इचारू नको."

नाही विचारलं. मोठा काढला. मग बारके. बाजूचं झाकण चिकटून बसलं होतं. पान्याच्या दांड्याने हळूहळू ठोकलं तेव्हा सुटलं. आत हिरवट चिखल होता. जुनं तेल, मीठ आणि वाळू यांचा. त्या चिखलात एका दांड्यावर चक्रं आणि चकत्या एकीवर एक बसल्या होत्या, काही लोखंडी, काही पितळी, दोन कापडी. भांडी एकात एक घालून ठेवावीत तशा.

तिथे माझा हात थांबला. काढणं सोपं होतं. काढलेलं सगळं त्याच क्रमाने परत बसवायचं कसं? शिकलेल्या माणसाने कागदावर लिहून ठेवलं असतं. मला त्या वेळी अक्षर येत नव्हतं. अक्षर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात. तेव्हा मला एकच येत होतं, मासे दोरीत ओवणं. मग मी तंगुसाचा हातभर तुकडा कापला आणि जी वस्तू दांड्यावरून निघेल ती लगेच त्यात ओवली. पहिली निघालेली पहिली. तिच्यानंतरची तिच्यामागे. वरचं तोंड वरच राहील असं बघून. अकरा वस्तू झाल्या. पण दोरीला दोन टोकं असतात. म्हणून पहिल्या वस्तूच्या टोकाला मी थोरल्या मुलीच्या वेणीचा लाल गोंडा बांधला. ती नुकतीच सासरी गेली होती आणि तिचा एक गोंडा माझ्या डब्यात राहून गेला होता. दुसऱ्या टोकाला नुसती गाठ.

करवंटीत रॉकेल घेतलं आणि ओवलेली माळ त्यात बुडवून कोंबडीच्या पिसाने एकेक दात घासला. पिसाने निघेना तिथे काथ्या लावला. मिठाने बोटांची सालं निघाली होती, त्यांत रॉकेल झोंबत होतं. सासू माझ्याकडे बघत होती.

"माखूक खोबरेल घाल हां थोडा," ती म्हणाली. "घरचाच आसा."

"खोबरेल घातलंस तर थंडीत थिजतला," आतून आवाज आला. "मगे फिरव बसान."

मी आणि सासूने एकमेकींकडे पाहिलं. दहा महिन्यांत त्यांनी न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

"मगे काय घालू?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

त्यांनी कूस बदलली तशी बाज करकरली. पण मला कळलं होतं, न थिजणारं तेल हवं. शेजारच्या शिंपिणीकडून मी वाटीभर शिवणयंत्राचं तेल मागून आणलं. संध्याकाळी माळ कढत पाण्यातून काढली, फडक्याने पुसली आणि चुलीजवळच्या खुंटीला टांगली, गोंडा वर करून, पाणी निथळून जावं म्हणून. सासूची वाकळ चुलीपाशीच असे. तिला सांगितलं, "आये, माळेक धक्को लावू नको हां."

"माका काय करूची तुजी माळ," ती म्हणाली.

सकाळी भाकऱ्या टाकून झाल्या आणि मी माळ खाली घेतली. लाल गोंडा नव्हता.

दोन्ही टोकांना नुसत्या गाठी. मी जमिनीवर शोधलं, चुलीच्या राखेत शोधलं, फडकी झटकली. गोंडा कुठेच नाही.

"आये, गोंडो बघलंस?"

"कसलो गोंडो?"

"लाल. माळेक बांधललो मी."

"उंदरान न्हेल्यान आसतलो," ती म्हणाली. "काल खुडखुड करी होतो."

मी मनाला समजावलं. गोंडा गेला तरी काय झालं, मी माळ टांगली तेव्हा गोंड्याचं टोक वर होतं. म्हणजे आता वर असलेलं टोक पहिलं. जे शेवटी निघालं ते आधी बसवायचं. मी खालच्या टोकाकडून सुरुवात केली. एकेक वस्तू काढायची, तेलाचं बोट फिरवायचं, दांड्यावर चढवायची. अकराही बसल्या. झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, हँडल धरलं आणि पुढे फिरवलं.

फिरेना.

मागे फिरवलं तर टिक, टिक, टिक करत मजेत फिरलं. म्हणजे तंगूस सोडायचा, ओढायचा नाही. मासा लागला तर त्याने हवा तेवढा ओढून न्यावा.

पुन्हा खोललं. पुन्हा त्याच क्रमाने, जास्त जपून बसवलं. पुन्हा तेच. माझा माळेवर विश्वास होता, म्हणून मला वाटलं की आतली एखादी वस्तूच मोडली आहे. मी प्रत्येक चकती दारात धरून बघितली. सगळ्या धड. बाहेर देवळाकडून ढोल वाजायला लागला. नारळ निघाला होता. पाणी खडपाच्या कमरेपर्यंत चढलं असणार. घामाने पेचकस हातातून सुटत होता. तिसऱ्यांदा स्क्रू आवळले आणि हँडल मागे फिरवून बघितलं. टिक, टिक, टिक.

"उलटा बोलता ता."

मी मान वर केली. गंगाराम मधल्या दारात उभे होते. एक हात चौकटीवर, दुसरा पुढे.

"काय?"

"सकाळधरना ऐकतंय. तीनदा बसवलंस, तीनदा उलटा. कान फुटले काय तुजे? पुढे फिरवताना टिकटिक होवची, मागे न्हय."

"माका काय म्हायत कसा बोलता ता! तुमी कधी जवळ येवक दिलास?"

ते चाचपत पुढे आले आणि सुपासमोर बसले. मी पाट सरकवेपर्यंत बसलेसुद्धा. हात पुढे केला. "दी. आणि सांगू नको काय खंय आसा ता. हातात दी."

मी रीळ हातात दिलं. दहा महिने त्या हातांनी भिंत चाचपण्यापलीकडे काही केलं नव्हतं. बोटं आधी झाकणावरून फिरली, मग स्क्रूवर थांबली. पेचकस मी तळहातावर ठेवला. स्क्रू एकेक निघाले की ते ओठांत धरत होते, चार बायका मिळून गजरे करताना दोरा धरतात तसे. झाकण सुटलं. मोठ्या दातेरी चक्रापाशी पोचल्यावर त्यांनी अंगठा दातांवरून एकदा इकडून फिरवला, एकदा तिकडून.

स्क्रू तोंडातून काढून म्हणाले, "मुशी कापलंस मा आयुष्यभर?"

"हजार कापलंय." मुशी म्हणजे आमच्याकडचा शार्क.

"मुशीचे दात कसे आसतत?"

"भितूर वळलेले."

"कशाक?"

"मासो भितूर जावचो. भायर येवचो नाय."

"मगे?" त्यांनी माझं बोट धरून चक्रावर टेकवलं. दात एका बाजूला कललेले होते. मी ते पिसाने घासले होते, काथ्याने घासले होते, आणि मला ते दिसले नव्हते. "तू मुशीचो जबडो भायर वळवलंस. मासो येतलो आणि राम राम करून जातलो."

मला हसू आलं आणि रागही आला. ते पुढच्या चकत्या काढत होते. चौथ्या-पाचव्या चकतीला त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही पण उलटी. ही पण. एक चुकली आसती तर चुकी म्हटलंय आसतंय. सगळी माळच उलटी आसा. खयच्या टोकाकडसून काढलंस?"

"खालच्या. डोक्याक लाल गोंडो बांधललो मी. वर करून टांगललंय."

"खंय आसा गोंडो?"

"उंदरान न्हेल्यान."

कोपऱ्यात सुपारी कुटण्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

"उंदीर गोंडो न्हेता आणि माळ फिरवन ठेवता," गंगाराम म्हणाले. "शिकलेलो उंदीर दिसता."

त्यांना परत बसवायला फार वेळ लागला नाही. चकती घ्यायची, दोन बोटांत फिरवून दोन्ही तोंडं तपासायची, तेल, आणि दांड्यावर. एकदा कापडी चकती त्यांच्या हातातून पडली आणि पाटाखाली गेली. मी वाकले, पण त्यांनी हात आडवा धरला आणि स्वतःच शोधून काढली. शेवटचा स्क्रू बसला. हँडल पुढे फिरलं. टिक, टिक, टिक. मागे फिरवलं तर दगडासारखं घट्ट.

त्यांनी रीळ माझ्याकडे सरकवलं. "घे. जा आता टाकूक. पाणी चढला आसतला."

"माका टाकूक येणा नाय."

"येणा नाय? मगे काल मोतोक काय सांगलंस? मगे खोललंस कशाक ह्या?"

"तुमका येता म्हणान."

त्यांचे हात सुपावर तसेच राहिले. रॉकेलने काळे झालेले. ढोल आता किनाऱ्यावर पोचला होता.

"माका दिसणा नाय, मंजुळा," ते अगदी हळू म्हणाले.

"दिसाक कशाक व्हया? वारो गालाक लागतलो. पाणी कानाक ऐकूक येतला. पाय खंय ठेवचो ता मी सांगतंय. आणि गरी पाण्यात टाकूची आसा, सुईत ओवची नाय."

"लोक हसतले."

"माका कालच हसान झाले. आता तुमची पाळी."

कोपऱ्यातून सासूचा आवाज आला. "उठतलास काय हय बसान कीर्तन करतलास? ओहोटी लागली की मगे दोघांय बसा टिकटिक करीत."

ते उठले. मी काठीला रीळ बांधलं, तंगूस कड्यांतून ओवला, गरीला आमिष म्हणून सुंगट, म्हणजे कोळंबी, लावलं आणि सुंगटाची वाटीही कमरेला खोचली.

कावळखडपाची वाट कालवांच्या शिंपल्यांनी भरलेली. पाय चुकला की तळवा चिरतो. मी पुढे आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर. "डावो पाय. खाच आसा. आता उजवो, उंच. हय शेवाळ." किनाऱ्यावरून बघणाऱ्या माणसांतून कुणीतरी शिट्टी मारली. त्यांच्या हाताची पकड माझ्या खांद्यावर आवळली, पण पाय थांबला नाही.

मोतीराम खडपाच्या टोकाला काठी घेऊन उभा होता. आम्हाला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"दादा! पाणी फिराक लागला. मी टाकू?"

"तू वाटेतसून बाजूक हो," गंगाराम म्हणाले. "नायतर गरी तुज्या कानात जातली."

तो बाजूला झाला. गंगारामांनी पाय रोवले, तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं. वारा बघत होते. रिळाची कळ सैल केली, काठी मागे नेली आणि झोकात पुढे झटकली. गरी समोरच्याच कपारीत अडकली. किनाऱ्यावर हशा पिकला. मी पालथी पडून, पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ती सोडवली. सुंगट गेलं होतं. दुसरं लावलं. ते तोवर काठी घट्ट धरून उभे होते.

"दगड खंय आसा ता कळला," ते म्हणाले. "आता सर."

दुसऱ्यांदा तंगूस सरसरत गेला. मी बघत राहिले, पण लाटांच्या चकाकीत गरी कुठे गेली ते मला दिसलं नाही. आवाजही आला नाही. त्यांना आला.

"पडली," ते म्हणाले.

मग त्यांनी हँडल पुढे फिरवलं. टिक, टिक, टिक. त्या आवाजावर मोतीरामने आपला तंगूस गुंडाळायला घेतला. गुंडाळून झाल्यावर तो माझ्याजवळून जाताना थांबला.

"वयनी," तो म्हणाला, "लोणचा बरा घातलंस."

त्या दिवशी आम्हाला एकही मासा लागला नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत गंगारामांनी मला हलवून उठवलं आणि विचारलं, वारो खयचो आसा बघ गो. त्यानंतर सोळा वर्षं ते त्या खडपावर उभे राहिले. मला गरी टाकायला त्यांनीच शिकवलं. ते गेल्यावर पौर्णिमेची पहिली गरी मी टाकायला लागले.

सासू त्या पौर्णिमेनंतर सहा वर्षांनी गेली. दिवसकार्य झाल्यावर मी तिची पानसुपारीची चंची रिकामी करायला घेतली. सुपारीची खांडं, चुन्याची डबी, दोन लवंगा. आणि अगदी तळाशी, फडक्याच्या चिंधीत गुंडाळलेला, लाल गोंडा. त्याला अजून रॉकेलचा वास होता.

गंगाराम ओट्यावर रीळ खोलून बसले होते. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.

"काय गो ह्या?"

"काय नाय," मी म्हटलं. "उंदरान परत दिल्यान."